घारापुरीला आमच्याबरोबर येताना : निघण्याआधी एवढं वाचून घ्या

नमस्कार मंडळी,

घारापुरीच्या, म्हणजे एलिफंटा बेटावरच्या लेण्यांच्या, सहलीसाठी आमच्याकडे नाव नोंदवलंत, आभारी आहोत. आमचा पसारा मोठा नाही. आम्ही दोघं भावंडं, वहिनी आणि हिशोब सांभाळणारा एक जुना मित्र. एका वेळी बारांपेक्षा जास्त माणसं घेत नाही. तेराव्याला नाही म्हणताना जिवावर येतं, पण लेण्यात तो मागे उभा राहतो आणि त्याला काहीच ऐकू येत नाही, हे पाहिलेलं आहे.

फोनवर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न : "दुपारी जेवूनखाऊन आरामात निघालो तर चालेल का?" नाही चालणार. गेटवेपासून घारापुरी जेमतेम दहा-अकरा किलोमीटर असली तरी लाँचला तास लागतो. मग जेट्टी, मग पायऱ्या. लेणी साडेपाचला बंद होतात आणि परतीची शेवटची लाँचही त्याच सुमारास सुटते. दोनला निघालेला माणूस लेण्यात अर्धा तास उभा राहतो, घड्याळ बघतो, सेल्फी काढतो आणि घरी येऊन सांगतो, "काही खास नाही हो, दोन-चार तुटक्या मूर्ती आहेत." असं सांगणारे आम्हाला लग्नाकार्यात नेहमी भेटतात. म्हणून आम्ही सकाळी नऊच्या सुमाराला सुटणारी पहिलीच लाँच धरतो.

कुठला दिवस घ्यावा

सोमवारी लेणी बंद असतात. लाँचवाला त्या दिवशीही हाक मारतो, माणसं बसतात आणि बेट फिरून परत येतात. ते आपल्या कामाचं नाही. शनिवार-रविवारी गर्दी फार, त्यात रविवारी मध्य आणि हार्बरचा मेगाब्लॉक. डोंबिवली-पनवेलकडच्या मंडळींनी रविवारचा आग्रह धरला की आम्ही आधी ब्लॉकचं वेळापत्रक बघायला सांगतो. मंगळवार ते शुक्रवार, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, हा खरा हंगाम. महाशिवरात्रीला बेटावर जत्रा भरते, उरणकडून आणि मुंबईतून माणसं लोटतात. दर्शनाला यायचं तर त्या दिवशी जरूर यावं, पण शिल्पं बघण्याचा तो दिवस नव्हे, आणि त्या दिवशी आम्ही गट नेत नाही.

पावसाळ्यात बेट हिरवंगार होतं आणि लेण्यासमोर पाण्याच्या धारा लागतात. मात्र लाँच हवामान बघूनच सुटते. बंदरावर धोक्याचा बावटा लागला की सगळं बंद, तिथे कुणाची ओळखपाळख चालत नाही. जून ते सप्टेंबरची नोंदणी आम्ही याच अटीवर घेतो.

गेटवेला पोहोचणं

सकाळी साडेआठला गेटवेच्या कमानीजवळ, ताजच्या बाजूला भेटायचं. चर्चगेट किंवा सीएसएमटीहून टॅक्सी मिळते. मेट्रो ३ ने येणाऱ्यांनी हुतात्मा चौकाला उतरावं, तिथून चालत वीसेक मिनिटं. आत येताना सामानाची तपासणी होते, रांग असते, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

एक गोंधळ दर दोन-तीन महिन्यांनी होतोच, म्हणून लिहून ठेवतो. घारापुरीवर तीन वस्त्या आहेत : शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर. आणि भाऊच्या धक्क्यावरून जी 'मोरा'ची लाँच सुटते ती उरणच्या मोऱ्याला जाते. एक काका भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला जाऊन उतरले आणि तिथून आम्हाला फोन करून विचारू लागले, "मी पोहोचलो, तुम्ही कुठे आहात?" घारापुरीही उरण तालुक्यातच, रायगड जिल्ह्यात येते, त्यामुळे काकांचं अगदीच चुकलं असं म्हणता येत नाही. पण त्या दिवशी लेणी त्यांना दिसली नाहीत.

लाँचमध्ये चढताना

ज्येष्ठ मंडळींनी हा भाग नीट वाचावा. गर्दीच्या वेळी धक्क्याला दोन-तीन लाँच एकीला एक लावून बांधलेल्या असतात, आणि आपली लाँच बाहेरची असली तर एकीतून दुसरीत पाय टाकून जावं लागतं. मधली फट लाटेबरोबर कमी-जास्त होत राहते. खलाशी हात देतो. त्याचा पंजा धरू नका, मनगट धरा, आणि तो "आता" म्हणेल तेव्हाच पाय उचला. दुसऱ्या हातात मोबाइल नको, पिशवी नको, नातू तर नकोच. नातवाला आम्ही घेतो. साडी नेसणार असाल तर जरा वर खोचून घ्या, चप्पल मागून पट्टा असलेली घाला.

डिसेंबर २०२४ मध्ये मुंबई बंदरात झालेल्या अपघातानंतर लाइफ जॅकेट सक्तीचं झालं. "उकडतंय" म्हणून पाच मिनिटांनी काढून मांडीवर ठेवणारे बरेच असतात. आमच्या गटात ते उतरेपर्यंत अंगावरच राहील. यावर वाद घालू नये ही विनंती.

वरच्या डेकवर बसायला वेगळे थोडे पैसे घेतात. हिवाळ्यात ते वसूल होतात. मागे वळून बघितलं की गेटवे आणि ताज हळूहळू लहान होत जातात, उत्तरेला अटल सेतूची लांबलचक रेघ दिसते, आणि वाटेत तेलाच्या टाक्या असलेलं जवाहर द्वीप लागतं. तिथे उतरायला परवानगी नसते. समोर न्हावा-शेवा बंदराच्या क्रेन दिसू लागल्या की बेट जवळ आलं समजा. नौदलाच्या जहाजांचे फोटो काढू नका. थंडीत समुद्रपक्षी लाँचमागे उडत येतात आणि लोक त्यांना फरसाण टाकतात. आपण टाकू नये. बोट लागण्याचा त्रास असेल तर खालच्या डेकवर मध्यभागी बसा आणि आलेपाक जवळ ठेवा. रिकाम्या पोटी मात्र येऊ नका.

जेट्टीपासून लेण्यापर्यंत

जेट्टी लांब आहे. तिच्यावरून एक छोटी खेळण्यातल्यासारखी गाडी चालते, मुलांना आवडते, गुडघेदुखीवाल्यांना उपयोगी पडते. तिच्या पुढे साधारण १२० पायऱ्या. दोन्ही बाजूंना माळा, टोप्या, दगडी हत्ती विकणारी दुकानं आणि वर ताडपत्री, त्यामुळे ऊन लागत नाही. चढवत नसेल तर डोली मिळते. पैसे बसण्याआधी ठरवावेत, आम्ही ठरवून देतो. खरेदी उतरताना करा. चढताना घेतलेला दगडी नंदी दिवसभर आपल्यालाच वाहावा लागतो.

माकडांबद्दल. त्यांना पिशवी उघडता येते, चेन ओढता येते. मागच्या हिवाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंच्या हातातली कोकम सरबताची बाटली एका माकडाने अगदी सभ्यपणे काढून घेतली, कठड्यावर बसून झाकण फिरवून उघडलं, दोन घोट घेतले, तोंड वाकडं केलं आणि बाटली खाली फेकली. ताई म्हणाल्या, "साखर कमी पडली वाटतं." हसलो सगळे, पण हिसकायला गेलात तर ते ओरबाडतं. खाणं आणि बाटली पिशवीच्या तळाशी ठेवा, प्लास्टिकची कॅरी बॅग हातात धरू नका.

वर तिकीट लागतं. भारतीयांना ४० रुपये, १५ वर्षांखालच्या मुलांना नाही. हे पैसे आमच्या शुल्कात धरले आहेत. अमेरिकेहून आलेल्या भावाला किंवा सुनेला घेऊन येणार असाल तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) जवळ असू द्या, कारण परदेशी पाहुण्यांचं तिकीट ६०० रुपयांचं आहे.

मोठं लेणं : इथे वेळ काढा

बेटावर लेणी सात. पाच या डोंगरावर, दोन पलीकडच्या. खरं सांगायचं तर वेळ पहिल्या लेण्यालाच द्यायचा. बाकीची नंतर चालत-चालत होतात.

आत शिरल्याबरोबर सगळे तडक समोरच्या त्रिमूर्तीकडे धावतात. आम्ही आमच्या गटाला दारातच पाच मिनिटं थांबवतो. डोळे अंधाराला सरावू द्या. उत्तरेच्या दारातून शिरताना डाव्या हाताला योगी शिव, ध्यानात बसलेला, उजव्या हाताला नटराज, नाचणारा. एक स्थिर, एक चंचल, आणि आपण दोघांच्या मधून आत जातो. मग हळूहळू लक्षात येतं की इथे काही बांधलेलं नाही. खांब, छत, भिंती, सगळं एकाच काळ्या कातळातून कोरून काढलंय. काही खांब मात्र पुढे दुरुस्तीत नवे घातलेले आहेत, जरा निरखून पाहिलं की ओळखू येतात.

दक्षिणेच्या भिंतीतला सदाशिव, म्हणजेच ती त्रिमूर्ती, साडेपाच मीटरच्या आसपास उंच आहे. लोक त्याला ब्रह्मा-विष्णू-महेश म्हणतात, वाटेवरच्या दुकानातही तसंच सांगतील. पण तिन्ही मुखं शिवाचीच. मधलं शांत, डोळे मिटलेलं. आपल्या डाव्या हाताचं उग्र, मिशीवालं, ते अघोर. उजव्या हाताचं नाजूक, हातात कमळ, ते वामदेव, काहीजण त्यात उमा पाहतात. आमची एकच सूचना : आधी समोर उभं न राहता डावीकडच्या खांबाआडून बघा, मग सावकाश उजवीकडे सरका. राग आधी दिसतो, मग शांतपणा, मग मार्दव. फोटोत हे येत नाही.

सदाशिवाच्या एका बाजूला अर्धनारीश्वर, दुसऱ्या बाजूला गंगाधर. गंगाधराच्या वर तीन मुखांची देवी आहे ती शोधा : गंगा, यमुना, सरस्वती. मुलांना हे काम दिलं की दहा मिनिटं शांतता मिळते. कल्याणसुंदर म्हणजे शिवपार्वतीचं लग्न. पार्वती शिवाच्या उजव्या हाताला उभी आहे, लग्नात नवरी उभी राहते तशी, मान किंचित खाली. आमच्या वहिनी इथे दरवेळी थांबतात. या लग्नासमोरच अंधकासुराचा वध आहे, दात विचकलेला शिव. पूर्वेच्या दाराशी एका बाजूला रावण कैलास हलवतोय, आणि दुसऱ्या बाजूला सारीपाट खेळताना रुसलेली पार्वती तोंड फिरवून बसली आहे. कैलास हलला काय आणि न हलला काय, घरातलं रुसणं चालूच.

चार दारांचा गाभारा पश्चिमेकडे आहे, आत शिवलिंग, दाराशी माणसाच्या दुपटीहून उंच द्वारपाल. गाभाऱ्याला पूर्ण फेरी घाला, पुढचंच दार बघून परतू नका.

हे कुणी कोरलं? बहुतेक अभ्यासक सहाव्या शतकाचा मध्य धरतात आणि कलचुरी राजांचं नाव घेतात. इथला शिलालेख पोर्तुगीजांनी काढून मायदेशी पाठवला आणि तो पुढे हरवला, त्यामुळे पुराव्याची मुख्य चिठ्ठीच गेली. बेट त्यांच्या हाती १५३४ मध्ये आलं. मूर्तींच्या कमरेखालची मोडतोड बघून प्रत्येकजण हळहळतो. सैनिकांनी त्यांच्यावर नेम धरून सराव केला असं सांगतात. खाऱ्या हवेनं आणि झिरपणाऱ्या पाण्यानंही आपला वाटा उचललाच असणार. १९८७ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे.

मूर्तींना हात लावू नका, टेकून उभे राहू नका. तिपाई आणि ड्रोन विनापरवानगी चालत नाहीत.

हत्ती कुठे गेला?

'एलिफंटा' हे नाव पोर्तुगीजांनी धक्क्याजवळच्या दगडी हत्तीवरून दिलं. मुलं जेट्टीवर उतरताच तो शोधू लागतात. तो इथे नाही. १८६४ मध्ये इंग्रजांनी तो उचलून न्यायचा घाट घातला, उचलताना तो कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. पुढे ते जोडले, आणि आज हत्ती भायखळ्याला राणीच्या बागेजवळ, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. दुसऱ्या कुठल्या दिवशी मुलांना तिकडे न्या, फक्त बुधवारी जाऊ नका, बंद असतं.

जेवण आणि परत

साडेबारा-एकला आपण गावातल्या एका घरी जेवतो. भाकरी, भात, माशाचं कालवण, शाकाहाऱ्यांना भाजी आणि सोलकढी. शाकाहारी जेवण आदल्या दिवशी सांगावं लागतं, कारण घरातली माणसं मोजून रांधतात. या गावात समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज आली ती २०१८ मध्ये. त्याआधी संध्याकाळी काही तास जनरेटर. समोर मुंबई झगमगत असताना इथे कंदील, हे वाढणाऱ्या काकूंच्या तोंडूनच ऐका, आम्ही सांगून ती मजा येणार नाही.

दम असेल त्यांनी जेवणाआधी तोफांच्या टेकडीवर चढून यावं. ब्रिटिशांच्या काळातल्या दोन मोठ्या तोफा आहेत आणि बंदराचा सगळा पसारा दिसतो. चढ बेताचा, पण सावली कमी. बाकीच्यांनी आंब्याखाली बसून काकडी खावी.

परतीची लाँच साडेतीनची धरतो. परतीचं तिकीट सकाळच्याच तिकिटाला जोडलेलं असतं, ते टाकून देऊ नका. पर्यटकांना बेटावर मुक्काम करता येत नाही.

पैशांबद्दल

आमच्या शुल्कात लाँचचं जाणं-येणं, लेण्याचं तिकीट, ग्रामपंचायतीचा कर आणि जेवण येतं. वरचा डेक, छोटी गाडी, डोली आणि खरेदी ज्याची त्याने. बावटा लागून लाँच बंद झाली तर पूर्ण पैसे परत, किंवा पुढची तारीख, जे सोयीचं असेल ते. तुम्ही स्वतः रद्द केलंत तर दोन दिवस आधी सांगा. त्यानंतर जेवणाचे पैसे कापले जातील, कारण काकूंनी मासळी घेतलेली असते. आदल्या रात्री नऊ वाजता आम्ही प्रत्येकाला फोन करतो. तो उचलला नाहीत तर येणार नाही असं धरून प्रतीक्षायादीतल्या माणसाला कळवतो.