पायताणाचा तळ कोण पाहतो: सीमाभागातील हस्तकौशल्याच्या मान्यतेची पार्श्वभूमी

बेळगाव जिल्ह्यातील निपाणी, चिकोडी, अथणीच्या बाजूला कोल्हापुरी पायताण घेणारा जुना शेतकरी जोड हातात आला की आधी तो उलटा करीत असे. वरची वेणी आणि गोंडा यांच्याकडे त्याची नजर नंतर वळे. तळाचे थर वादीने किती घट्ट शिवले आहेत, टाच उकलेल का, कातडे नीट कमावलेले आहे की पहिल्या पावसात फुगेल, याचा अंदाज तो घेई. आणि अंदाज चुकला तरी वर्षभर चिखलातून आणि उसाच्या सरीतून चालल्यावर खरा निकाल लागतच असे. हाताने केलेल्या कामाची पारख कशी करावी आणि ते करणाऱ्याला कसबी कारागीर म्हणून कोणी मान्यता द्यावी, या प्रश्नाला गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत बरीच वेगवेगळी उत्तरे मिळाली. त्यांतल्या बहुतेक उत्तरांत तळ पाहण्याची ही सवय मागे पडत गेली, असे माझे निरीक्षण आहे.

बलुतेदारीच्या व्यवस्थेत परीक्षा वेगळी घेतली जात नसे. चांभाराने केलेल्या जोडाची, मोटेची, चाबकाची कसोटी वापरात लागे आणि काम पसंत पडले की सुगीला खळ्यावर धान्य मिळे. ही व्यवस्था आज गोड करून सांगण्यात अर्थ नाही, कारण कामाची कदर आणि माणसाची अवहेलना तिच्यात एकत्र नांदत होती. ज्याच्या हातचा जोड पाटलाच्या पायात असे, त्याला पाटलाच्या ओसरीवर चढता येत नसे; कातडे कमावणाऱ्या ढोर समाजाचे कौशल्य तर अंतिम वस्तूत कोणाला दिसतही नसे. कातड्याची पिशवी शिवायची, तिच्यात बाभळीची साल आणि हिरडा यांचे पाणी भरायचे आणि ते पाणी मुरवत मुरवत कातडे तयार करायचे, ही पद्धत संयमाची आहे. जोडाचे आयुष्य मुख्यतः या टप्प्यावर ठरते, पण तयार जोडावर त्याची खूण म्हणून काही उरत नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे 1894 ते 1922 या काळात, कोल्हापूर संस्थानात या धंद्याला उत्तेजन मिळाले. बाजारपेठ कोल्हापूरची असल्याने अथणीकडे किंवा निपाणीत झालेला जोडही कोल्हापुरी याच नावाने विकला जाऊ लागला. नावाची ही गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

वस्तू टेबलावर मांडून तिला गुण देण्याची पद्धत आली ती औद्योगिक प्रदर्शनांबरोबर. लंडनमध्ये 1851 साली भरलेल्या मोठ्या प्रदर्शनात हिंदुस्थानी कापड, धातुकाम आणि कोरीवकाम यांची तज्ज्ञांनी पाहणी केली व पदके दिली. तेव्हापासून जडवणूक, नक्षी आणि रंगसंगती हे चांगल्या कारागिरीचे निकष होऊन बसले. परीक्षकाला वस्तू वापरायची नव्हती, ती पाहायची होती, त्यामुळे हे अपरिहार्यही होते. वस्तूला पदक मिळे, करणाऱ्याचे नाव मात्र बहुधा मागे राही. 1886 साली लंडनलाच भरलेल्या वसाहतींच्या प्रदर्शनात प्रत्यक्ष काम करून दाखवण्यासाठी जे ‘देशी कारागीर’ नेले होते, त्यांतले बरेचसे आग्र्याच्या तुरुंगात गालिचे विणायला शिकलेले कैदी होते. पिढीजात कसब म्हणून जे प्रेक्षकांना दाखवले गेले, ते तुरुंगात शिकवलेले काम होते, आणि परीक्षकांच्या निकषांना त्याने काही फरक पडला नाही.

करणाऱ्याचे नाव मागे राहण्याची ही उणीव भरून काढण्याचा खरा प्रयत्न स्वातंत्र्यानंतर झाला. 1952 साली अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झाले आणि कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी त्याचे नेतृत्व केले. 1965 पासून निष्णात कारागिरांना राष्ट्रीय पुरस्कार देण्यास सुरुवात झाली, आणि 2002 साली त्याच्या वरच्या पायरीवर ‘शिल्पगुरू’ हा सन्मान आला. पदक वस्तूकडून माणसाकडे आले, हा बदल मोठा होता. तरीही माणसाची निवड व्हायची ती त्याने सादर केलेल्या एका वस्तूवरून, आणि अशी वस्तू महिनोन्‌महिने खपून, खास स्पर्धेसाठी केलेली असते. बिदरी काम (धातूवरची चांदीची जडवणूक) किंवा धारवाडकडचे कसुती भरतकाम यांच्यासाठी ही पद्धत ठीक आहे, कारण त्यांचे कसब पृष्ठभागावरच असते. पायताण करणाऱ्याचे कसब मात्र शंभर जोड एकसारखे आणि टिकाऊ होण्यात आहे. एकच अद्वितीय जोड मागणारी परीक्षा त्याला अवघड नाही, चुकीची आहे.

याच काळात सीमाभागात आणखी एक बदल झाला. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. कारागिराचे गिऱ्हाईक, व्यापारी आणि कातड्याचा बाजार पुष्कळसा कोल्हापूर-मिरजेकडे राहिला, तर पुरस्कार, प्रशिक्षण आणि ओळखपत्रे देणारी कार्यालये बेंगळुरूच्या अखत्यारीत गेली. मराठीत धंदा करणाऱ्याला शासकीय मान्यतेचे कागद कन्नडमध्ये भरावे लागणे ही गैरसोय आहेच, पण तिच्यापेक्षा खोल गोष्ट अशी की त्याचे काम रोज पाहणारे आणि त्याला मान्यता देणारे यांच्यात राज्याची हद्द आली.

हस्तकला कशाला म्हणावे हा प्रश्न दरम्यान न्यायालयातही गेला, आणि तोही कराच्या निमित्ताने. लुई शॉप या लाकडी फर्निचरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली दोन कसोट्या सांगितल्या. वस्तू प्रामुख्याने हाताने केलेली असावी, थोडीबहुत यंत्रे वापरली तरी चालतील. आणि तिला नक्षीकाम, जडावकाम किंवा तत्सम कामामुळे दृश्य सौंदर्य लाभलेले असावे, तेही नाममात्र नव्हे तर भरीव. वस्तू व सेवा कराच्या कामासाठी 2018 साली जी व्याख्या स्वीकारली गेली, तिच्यात यंत्रावर झालेल्या वस्तूपेक्षा पुरेसे वेगळेपण ही अट जोडली गेली, पण अलंकरणाची अट कायम राहिली. याच्या उलट 1997 साली मनिला येथील परिसंवादातून युनेस्कोने स्वीकारलेली व्याख्या कारागिराच्या हातांचा वाटा सर्वांत भरीव असावा एवढ्यावर भर देते आणि वस्तूचे वैशिष्ट्य उपयोगितेतही असू शकते असे मानते. आपल्या करकायद्याच्या कसोटीवर गोंडा, वेणी आणि जरीकाम असलेले पायताण सहज उतरते. शेतकऱ्याचा साधा, जाड तळाचा जोड, ज्याच्यात कष्ट आणि कसब बहुधा अधिक असते, तो अडखळतो.

बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबाग भागातील विणकरांची कथा यापेक्षा थोडक्यात सांगता येते. 1985 च्या कायद्याने यंत्रमाग नसलेला कोणताही माग म्हणजे हातमाग अशी सरळ व्याख्या केली, 2006 साली हातमागाच्या कापडासाठी ‘हँडलूम मार्क’ आला. इथल्या अनेक घरांनी एव्हाना यंत्रमाग बसवले होते. साडीची जाण तीच, वीणही बरीचशी तीच, पण माग बदलताच त्या घरांना या मान्यतेचे दार बंद झाले. व्याख्या स्पष्ट असावी हे मान्य, तरी कसब मागात आहे की माणसात, हा प्रश्न उरतोच.

वस्तू आणि माणूस यांच्याशिवाय मान्यतेचा तिसरा आधार म्हणजे ठिकाण. भौगोलिक निर्देशनाचा (जीआय), म्हणजे वस्तूचे नाव तिच्या ठिकाणाशी बांधून ठेवणारा, कायदा 1999 साली झाला आणि 15 सप्टेंबर 2003 पासून लागू झाला. कोल्हापुरी चपलेला हे मानांकन मिळाल्याची बातमी 2019 साली आली, तेव्हा सीमाभागात तिचे विशेष स्वागत झाले, कारण नोंदीत महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातील बेळगाव, विजापूर, बागलकोट आणि धारवाड हे चार जिल्हेही आहेत. महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकाचे डॉ. बाबू जगजीवनराम चर्मोद्योग निगम यांनी मिळून ही नोंद केली. इतर अनेक बाबतींत एकमत न होणाऱ्या दोन राज्यांनी चपलेवर एकत्र सही करावी, याची इकडे थोडी गंमतही वाटली. या नोंदीत कातड्याचा प्रकार, कमावण्याची पद्धत आणि हातची शिलाई यांचे वर्णन येते, म्हणजे निदान कागदावर तळ पुन्हा पाहिला गेला. पण मानांकन समूहाचे असते. त्यातला एखादा कारागीर उत्तम आहे की जेमतेम, हे ते सांगत नाही, आणि नावाचा अधिकृत वापर करायचा तर त्याला स्वतंत्र नोंदणी करावी लागते.

जून 2025 मध्ये मिलान येथील प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला मांडल्या, तेव्हा या मर्यादा उघड झाल्या. त्याविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये फेटाळली, कारण मानांकनाचे नोंदणीकृत धारक न्यायालयात आले नव्हते. पुढे डिसेंबरमध्ये कंपनीचा करार झाला तोही याच दोन महामंडळांशी. जोड शिवणारा या सगळ्यात कोठेच पक्षकार नव्हता.

व्यक्तीच्या कसबाला थेट मान्यता देण्याची व्यवस्था अगदी अलीकडची आहे. 27 डिसेंबर 2013 रोजी राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा अधिसूचित झाला, आणि त्यानंतर शाळेबाहेर, घरी किंवा कामावर शिकलेल्या माणसाचे पूर्वज्ञान तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय आली. परीक्षक काम करताना पाहतो, प्रश्न विचारतो, ठरलेल्या निकषांवर गुण देतो. कातडे हातात घेऊन वाकवताच त्याची कमावणी ओळखणारा कारागीर ते शब्दांत सांगताना अडतो, आणि प्रश्न त्याच्या भाषेत नसतील तर आणखीच अडतो; तरीही हात चालताना पाहण्याची ही कल्पना तयार वस्तू पाहण्यापेक्षा न्याय्य आहे, असे मला वाटते. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या, कारागिरांना ओळखपत्र आणि प्रशिक्षण देणाऱ्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत चर्मकार, कुंभार आणि खेळणी करणारे यांच्यासह 18 व्यवसाय आहेत, म्हणून खानापूरचे कुंभार आणि गोकाकची लाकडी फळे-भाज्या करणारे कारागीरही तिच्यात येतात. विणकर येत नाहीत. तिच्यात पहिली पडताळणी ग्रामपंचायतीच्या पातळीवर होते, म्हणजे हा माणूस खरोखर हे काम करतो का, हे गावच सांगते. बलुत्याच्या काळातील पारखीचा थोडा अंश त्यात परत आला आहे, जातीच्या सक्तीशिवाय.

एक अट मात्र या धंद्याच्या रीतीशी जुळत नाही. लाभ कुटुंबातील एकाच व्यक्तीला मिळतो. अथणीकडच्या घरांत तळ कापणे आणि ठोकणे पुरुष करतात, तर वेणी विणणे, पट्ट्यांवरचे काम आणि बरीचशी शिलाई बायका करतात. जोड पुरा होतो तो दोघांच्या हातून, आणि ओळखपत्रावर नाव बहुधा रापी (कातडे कापायचे हत्यार) चालवणाऱ्याचे येते.