दुखण्याला उतार पडला, पण कशाने?

सांधेदुखीवर औषध शोधणाऱ्यांची मोठी पंचाईत आहे. हे दुखणे स्वतःच्या मर्जीने येते आणि बऱ्याचदा स्वतःच्या मर्जीने कमीही होते. आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) असो, गुडघ्याची झीज असो की युरिक ॲसिडमुळे होणारा गाऊट, त्रासाला चढउतार असतातच. माणूस नवी गोळी सुरू करतो ती दुखणे अगदी असह्य झाल्यावर. शिगेला पोचलेला त्रास पुढे बहुतेक वेळा उतरणारच असतो, आणि त्या उताराचे श्रेय त्या वेळी जे काही चालू असेल त्याला मिळते. म्हणून ‘मला गुण आला’ हे वाक्य अगदी प्रामाणिक असले, तरी त्यावरून औषधाबद्दल फारसे कळत नाही.

अमेरिकेत ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन या गोळ्यांची चाचणी झाली तेव्हा हे आकड्यांत दिसले. गुडघ्याची झीज असलेले १,५८३ रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाच गटांत वाटले गेले. एका गटाला ग्लुकोसामाइन, दुसऱ्याला कॉन्ड्रॉइटिन, तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला सेलेकॉक्सिब हे वेदनाशामक आणि पाचव्याला हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो. कोणाला काय मिळते आहे हे ना रुग्णाला ठाऊक, ना डॉक्टरला. २००६ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. चोवीस आठवड्यांनंतर प्लासिबोच्या गटातही सुमारे ६० टक्के लोकांचे दुखणे निदान एक पंचमांशाने कमी झाले होते. सेलेकॉक्सिबच्या गटात हे प्रमाण ७० टक्के होते आणि ग्लुकोसामाइनचा गट ६४ टक्क्यांवर, म्हणजे प्लासिबोपासून खात्रीने वेगळा म्हणता येणार नाही इतका जवळ. प्लासिबोचा गट नसता, तर ‘दर तिघांपैकी दोघांना आराम’ अशी जाहिरात अगदी खरी ठरली असती!

शस्त्रक्रियाही या परीक्षेतून सुटली नाही. ह्यूस्टनमध्ये १८० रुग्णांवर झालेला एक प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. गुडघ्यात दुर्बीण घालून सांधा धुणे आणि आतले खरवडून साफ करणे हे तेव्हाचे सर्रास उपचार होते. या प्रयोगात एका गटाला फक्त खोटी शस्त्रक्रिया मिळाली. त्वचेवर छेद घेतले, सर्जनने नेहमीसारखी हत्यारे मागितली, सांधा धुतल्याचा आवाज यावा म्हणून पाणीही शिंपडले, पण दुर्बीण गुडघ्यात घातलीच नाही. पुढच्या दोन वर्षांत एकदाही खऱ्या शस्त्रक्रियेचे गट या गटापेक्षा सरस ठरले नाहीत. बहुतेक सगळे रुग्ण पुरुष होते, सर्जन एकच होता, असे आक्षेप आले, आणि ते रास्तही होते. पण २००८ मध्ये कॅनडातल्या वेगळ्या पद्धतीच्या चाचणीतही व्यायाम आणि औषधांवर शस्त्रक्रियेची भर घालून काही हाती लागले नाही.

आमवातात याहून नाट्यमय फसगत होऊन गेली होती. या आजारात रोगप्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. अस्तर सुजते आणि पुढे कूर्चा आणि हाड कुरतडते. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या २९ वर्षांच्या एका स्त्रीला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड टोचले आणि काही दिवसांत ती चालू लागली. हेंच, केंडॉल आणि राइखस्टाइन यांना १९५० चे नोबेल मिळाले, म्हणजे जेमतेम दोन वर्षांत. मग ब्रिटनमध्ये कोणीतरी साधा प्रश्न विचारला, की ॲस्पिरिनशी तुलना केली तर? १९५४ मध्ये उत्तर आले. वर्षभरानंतर दोन्ही गटांत सांगण्यासारखा फरक उरला नव्हता. तोवर मोठ्या डोसचे दुष्परिणामही समोर आले होते. स्टेरॉइड आजही वापरतात, पण बेताने, आणि शक्यतो मुख्य औषध लागू पडेपर्यंतच.

याच्या अगदी उलट गोष्ट सोन्याची. आमवात हा क्षयासारखा जंतूंचा आजार असावा अशा समजुतीतून फ्रान्समध्ये झाक फोरेस्तिए यांनी १९२९ च्या सुमारास सोन्याच्या क्षारांची इंजेक्शने द्यायला सुरुवात केली. समजूत साफ चुकीची होती. पण १९६० च्या सुमारास ब्रिटनमध्ये नीट तुलना करून पाहिले, तर सोन्याचा खरोखरच उपयोग होत होता. चमत्कार वाटलेले औषध तुलनेत फिके पडले आणि चुकीच्या तर्काने आलेले टिकले.

तुलना करायची, तर मोजायचे काय हे आधी ठरावे लागते. रक्तदाबाला आकडा आहे, साखरेला आहे. आमवाताला एकच एक आकडा नाही. ईएसआर आणि सीआरपी या रक्तचाचण्या सूज सांगतात, पण त्या सामान्य असूनही बोटे सुजलेली असू शकतात. पूर्वी प्रत्येक संशोधक आपापली पट्टी वापरत असे, त्यामुळे दोन चाचण्यांची तुलनाच करता येत नसे. १९९० च्या दशकात यावर एकमत झाले. दुखऱ्या आणि सुजलेल्या सांध्यांची संख्या निदान २० टक्क्यांनी घटली पाहिजे, आणि शिवाय वेदना, रुग्णाचा अंदाज, डॉक्टरचा अंदाज, रोजची कामे करण्याची क्षमता आणि रक्तातली सूज या पाचांपैकी तिघांत तितकीच सुधारणा दिसली पाहिजे. २० टक्के म्हणजे फारच माफक अपेक्षा, हे उघड आहे. ज्याचे दहा सांधे सुजलेत त्याचे आठ उरले, तर तो काही आनंदाने नाचणार नाही. हा उंबरठा ठरवला तो औषध प्लासिबोहून वेगळे आहे का, हे ओळखण्यासाठी. म्हणून औषधाच्या बातमीत ‘६० टक्के रुग्णांमध्ये सुधारणा’ असे दिसले, की किती सुधारणा हे आधी शोधावे.

दुसरी पट्टी २८ सांधे मोजते. खांदे, कोपरे, मनगटे, हाताच्या बोटांचे सांधे आणि गुडघे तिच्यात येतात. पावले आणि घोटे येत नाहीत, कारण ते तपासणे वेळखाऊ. आमवात कित्येकदा पायाच्या बोटांतच सुरू होतो, तेव्हा ही काटकसर काहींना महागात पडते. या सगळ्या मोजमापांत थकव्याला तर जागाच नव्हती. संशोधकांनी २००० नंतर रुग्णांना आपल्या बैठकांत बसवले, तेव्हा थकवा हाच अनेकांचा मोठा त्रास असल्याचे त्यांना ऐकावे लागले, आणि मग तोही मोजला जाऊ लागला.

मोजण्याचा खरा प्रताप मात्र ग्लासगोमधल्या एका चाचणीत दिसला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत सुमारे ११० रुग्ण होते. एका गटाची नेहमीप्रमाणे तीन महिन्यांनी तपासणी होई. दुसऱ्या गटाची दर महिन्याला, आणि आजाराच्या मोजमापाचा आकडा ठरल्या पातळीखाली आला नसेल तर औषध वाढवायचे किंवा जोडायचे, असा दंडक होता. औषधे जुनीच, स्वस्तातली. दीड वर्षाने पहिल्या गटात १६ टक्के रुग्णांचा आजार शमला होता, दुसऱ्यात ६५ टक्क्यांचा. गेल्या काही दशकांतल्या सगळ्या संशोधनातून एकच चाचणी निवडायची झाली, तर मी ही निवडेन. बायोलॉजिक, म्हणजे जिवंत पेशींत बनवलेल्या महागड्या औषधांना जे कौतुक मिळाले त्याच्या शतांशही हिच्या वाट्याला आले नाही.

ही जुनी औषधे कोणती? त्यांत अग्रभागी मेथोट्रेक्सेट. मूळचे कर्करोगाचे औषध, पण आमवातात ते फार कमी मात्रेत, आठवड्यातून एकदाच घेतात. १९८० च्या दशकातल्या चाचण्यांनी त्याचा गुण सिद्ध केला. इथे एक सूचना लेखाच्या ओघाबाहेर जाऊनही द्यायलाच हवी. आठवड्याची गोळी चुकून रोज घेतल्याने लोक दगावले आहेत. कोणाच्या घरी हे औषध असेल, तर ठरलेला वार पाकिटावर ठळक लिहून ठेवा.

बायोलॉजिक औषधांचा जन्म लंडनचा. मार्क फेल्डमन आणि रवींद्र मैनी यांनी सुजलेल्या सांध्यांत टीएनएफ नावाच्या रेणूचे महत्त्व ओळखले आणि १९९२ मध्ये चेरिंग क्रॉस रुग्णालयात तो रेणू अडवणारे प्रतिपिंड पहिल्यांदा रुग्णांना दिले. पुढच्या चाचणीत ७३ रुग्ण होते. चार आठवड्यांनी प्लासिबोच्या २४ पैकी दोघांना ठरलेल्या निकषाइतकी सुधारणा झाली होती, मोठा डोस मिळालेल्या २४ पैकी १९ जणांना. असा फरक दाखवायला हजारो रुग्ण लागत नाहीत.

दुर्मीळ धोका दिसायला मात्र लागतात. टीएनएफ शरीरात क्षयाचे सुप्त जंतू कोंडून ठेवायचेही काम करतो. सुमारे दीड लाख लोकांनी इन्फ्लिक्सिमॅब, म्हणजे टीएनएफ अडवणारे तेच प्रतिपिंड, घेतल्यानंतर, २००१ मध्ये क्षयाच्या ७० रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. तेव्हापासून असे औषध सुरू करण्यापूर्वी सुप्त क्षयाची तपासणी करतात. औषध बाजारात आले म्हणजे संशोधन संपले, हा समज किती भाबडा आहे ते २०२२ मध्ये पुन्हा दिसले. टोफासिटिनिब ही आमवातावरची गोळी सुमारे दहा वर्षे वापरात होती. पन्नाशी ओलांडलेल्या आणि हृदयविकाराचा धोका असलेल्या ४,३६२ रुग्णांच्या चाचणीत, टीएनएफ अडवणाऱ्या औषधांच्या तुलनेत तिच्यासोबत हृदयविकार आणि कर्करोग जास्त आढळले.

महागडे म्हणजे सरस, असेही नेहमी ठरत नाही. मेथोट्रेक्सेट पुरे न पडलेल्या ३५३ रुग्णांत सल्फासालाझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही जुनी औषधे जोडण्याची तुलना एटानरसेप्ट या बायोलॉजिकशी झाली. २०१३ चा निकाल असा, की जुन्या औषधांचे त्रिकूट मागे पडले नाही.

निदानाकडे वळू, कारण गोंधळ तिथे जास्त होतो. आरए फॅक्टर ही आमवाताशी जोडलेले प्रतिपिंड शोधणारी रक्तचाचणी. ‘आरए फॅक्टर पॉझिटिव्ह’ असा कागद हातात पडला, की झोप उडते. मोजायला सोपे म्हणून धरू, की हजार प्रौढांपैकी दहा जणांना आमवात आहे. त्यांतल्या सातांची चाचणी पॉझिटिव्ह येईल. उरलेल्या ९९० निरोगी माणसांपैकीही पाच टक्के, म्हणजे पन्नासच्या आसपास, पॉझिटिव्ह येतील. म्हणजे ५७ पॉझिटिव्हांत खरे रुग्ण सात. आणि तीन रुग्णांचा कागद निगेटिव्ह असल्याने ते गाफील राहणार. सांधे सुजलेले नसताना ही चाचणी ‘सहज’ करून घेण्यात म्हणूनच अर्थ नाही. नंतर आलेली अँटी-सीसीपी ही दुसऱ्या प्रतिपिंडाची चाचणी निरोगी माणसाला बरीच कमी वेळा उगाच घाबरवते, पण रुग्ण तिच्याही हातून सुटतात.

२०१० मध्ये ठरलेले निकष म्हणूनच गुणांचे आहेत. किती आणि कोणते सांधे, रक्तातली प्रतिपिंडे, सूज आणि सहा आठवड्यांहून जास्त काळ टिकलेला त्रास यांना मिळून दहा गुण, आणि सहा मिळाले तर आमवात. पण सांधे खरोखर सुजलेले हवेत आणि त्याला दुसरे कारण सापडता कामा नये, ही आधीची अट. हे निकष मुळात संशोधनासाठी एकसारखे रुग्ण निवडता यावेत म्हणून केले आहेत, घरबसल्या निदान करण्यासाठी नव्हेत.

निर्विवाद निदान होते ते गाऊटचे. १९६१ मध्ये मॅकार्टी आणि हॉलंडर यांनी सांध्यातले पाणी ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि युरेटचे, म्हणजे युरिक ॲसिडच्या क्षाराचे, सुईसारखे स्फटिक दाखवले. पण स्फटिक आजाराचे कारण की परिणाम? मॅकार्टी आणि त्यांच्या सहकाऱ्याने ते स्वतःच्याच गुडघ्यांत टोचून घेतले. काही तासांत गुडघे सुजले, आणि प्रश्न मिटला. आज कोणतीही नीतिसमिती याला परवानगी देणार नाही.

ल्युपससारख्या, म्हणजे रोगप्रतिकारयंत्रणा शरीराच्या अनेक अवयवांवर उलटते अशा, विरळ आजारात रुग्णच थोडे, तेव्हा चाचणीची रचना चतुर लागते. कॅनडात हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर स्थिर असलेले ४७ रुग्ण घेतले आणि काहींचे औषध गुपचूप प्लासिबोने बदलले. अर्थात रुग्णांच्या संमतीनेच. १९९१ चा निकाल असा, की औषध चालू असलेल्या २५ पैकी नऊ जणांत आजाराने उचल खाल्ली, बंद झालेल्या २२ पैकी १६ जणांत. आज ल्युपसमध्ये हे औषध सहसा थांबवत नाहीत.

सध्याच्या सर्वांत अवघड चाचण्या मात्र आजार न झालेल्या माणसांवर होत आहेत. आमवाताची प्रतिपिंडे सांधे सुजण्याच्या कित्येक वर्षे आधी रक्तात येतात, हे रक्तदात्यांच्या साठवलेल्या नमुन्यांवरून कळले आहे. मग आधीच औषध दिले तर? २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत प्रतिपिंडे आणि सांधेदुखी असलेल्या, पण सूज नसलेल्या २१३ जणांना वर्षभर ॲबाटासेप्ट हे बायोलॉजिक किंवा प्लासिबो दिले. वर्षाअखेर ॲबाटासेप्टच्या गटात ६ टक्के लोकांना आजार झाला होता, प्लासिबोच्या गटात २९ टक्के. औषध थांबवून आणखी एक वर्ष गेले, तेव्हा हे आकडे २५ आणि ३७ झाले होते. आजार लांबला हे नक्की, टळला असे छातीठोक म्हणता येत नाही. शिवाय प्लासिबो घेणाऱ्या शंभरातल्या ६३ जणांना दोन वर्षांत आमवात झालाच नव्हता. प्रतिकारशक्ती दाबणारे इंजेक्शन त्यांना विनाकारण मिळाले असते. कोण ६३ मधला आणि कोण ३७ मधला, हे आधी ओळखता यावे म्हणून एमआरआयमध्ये दिसणारी छुपी सूज आणि प्रतिपिंडांचे निरनिराळे प्रकार आता पडताळून पाहिले जात आहेत.