स्लॉट आहे म्हणून स्पेल येत नाही: मल्टिक्लास विझार्ड करणाऱ्यांसाठी

परवाच्या रविवारी परत तेच झालं. आमचं डीअँडडीचं (डंजन्स अँड ड्रॅगन्स, कॅरेक्टर घेऊन फाशांवर खेळायचा गोष्टीचा खेळ) टेबल ठाण्यात नौपाड्यात एका मित्राच्या घरी बसतं, दोघं ट्रान्स हार्बरने येतात, आणि त्यातला ऐरोलीवाला मुलगा यावेळी नवीन कॅरेक्टर घेऊन आला होता, विझार्ड ३ क्लेरिक २ (म्हणजे मल्टिक्लास, पाच लेव्हलपैकी तीन विझार्ड या जादूगार क्लासच्या आणि दोन क्लेरिक या पुजारी क्लासच्या), दोन पानं बॅकस्टोरी, सगळं मन लावून केलेलं. लढाई सुरू झाली, त्याची टर्न आली, तो म्हणाला "फायरबॉल". मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मी विचारलं अरे तुझ्याकडे फायरबॉल आला कुठून? त्याने शीट पुढे केली, थर्ड लेव्हलचे दोन स्लॉट (दिवसभरात त्या ताकदीचे किती स्पेल टाकता येतील त्याचे रकाने) व्यवस्थित लिहिलेले. स्लॉट अगदी बरोबर होते. फायरबॉल हा थर्ड लेव्हलचा स्पेल मात्र त्या कॅरेक्टरला येणं शक्यच नव्हतं. पोराचा चेहरा उतरला, मला वाईट वाटलं, कारण चूक आळसातून झालेली नव्हती, त्याला हे कोणी नीट सांगितलंच नव्हतं. म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय.

साधा, एकाच क्लासचा विझार्ड तुम्हाला येतो असं धरतो. स्पेलबुक, पहिल्या लेव्हलला सहा स्पेल, पुढे दर लेव्हलला दोन, सकाळी त्यातले काही प्रिपेअर करायचे (त्या दिवसासाठी तयार ठेवायचे), पाचव्या लेव्हलला फायरबॉल. झालं. आता यात एक गोष्ट लपलेली आहे जी कोणाच्या लक्षात येत नाही: थर्ड लेव्हलचे स्लॉट आणि थर्ड लेव्हलचे स्पेल दोन्ही एकाच दिवशी मिळतात, आणि पुढेही वीस लेव्हलपर्यंत हातात हात घालून वर जातात. त्यामुळे वर्षानुवर्षं खेळणाऱ्यालाही वाटतं की ही एकच गोष्ट आहे. मल्टिक्लास केलं की पहिल्यांदा दोघांची वाट वेगळी होते आणि तिथेच माणूस पडतो.

स्लॉट मोजताना क्लासांची बेरीज होते. विझार्ड, क्लेरिक, ड्रूइड, बार्ड, सॉर्सरर यांच्या लेव्हल पूर्ण धरायच्या, पॅलाडिन आणि रेंजरच्या अर्ध्या (२०१४च्या नियमांत अर्धा सोडून द्यायचा, २०२४च्या नियमांत वरचा आकडा धरायचा), आणि जी बेरीज येईल ती मल्टिक्लासच्या टेबलात बघायची. विझार्ड ३ अधिक क्लेरिक २ म्हणजे ५, म्हणजे फर्स्टचे ४, सेकंडचे ३, थर्डचे २ स्लॉट. इथपर्यंत सगळे बरोबर करतात.

स्पेल ठरवताना बेरीज अजिबात नाही. प्रत्येक क्लास एकटा, जणू दुसरा क्लास तुम्ही घेतलेलाच नाही. मी नवीन लोकांना सांगतो की शीटवरची क्लेरिक लेव्हल अंगठ्याने झाका आणि विचारा, नुसत्या विझार्ड ३ला काय येतं? सेकंड लेव्हलपर्यंतचे स्पेल येतात. आता विझार्ड झाका, नुसत्या क्लेरिक २ला काय येतं? फक्त फर्स्ट लेव्हलचे. मग थर्ड लेव्हलचा स्पेल आला कुठून? नाहीच आला. किती प्रिपेअर करायचे तेही असंच वेगवेगळं, २०१४च्या नियमांत इंटेलिजन्स १६ (बोनस ३) असेल तर विझार्डच्या ३ लेव्हल अधिक ३ म्हणजे ६, विझडम १४ (बोनस २) असेल तर क्लेरिकच्या २ लेव्हल अधिक २ म्हणजे ४.

घरातलं उदाहरण देतो. पाच लिटरचा कुकर आणला म्हणून बिर्याणी करता यायला लागत नाही, वरण मात्र जास्त लावता येतं. स्लॉट म्हणजे कुकर. त्या थर्ड लेव्हलच्या स्लॉटमध्ये तो मुलगा मॅजिक मिसाइल टाकू शकतो, तीनऐवजी पाच बाण निघतात. क्लेरिकचा गायडिंग बोल्ट टाकला तर ४डी६ डॅमेजच्या (सहा बाजूंचे चार फासे) जागी ६डी६. स्लॉटवर क्लासचं नाव लिहिलेलं नसतं, कुठल्याही क्लासचा स्पेल कुठल्याही स्लॉटमधून चालतो, हे फार छान आहे आणि लोक हे वापरतच नाहीत. पण फायरबॉलची भरपाई यातून होत नाही हेही तेवढंच खरं. त्याच्याकडचा सगळ्यात बरा एरिया स्पेल शॅटर, तो थर्डच्या स्लॉटमधून ४डी८, सरासरी १८. फायरबॉल ८डी६, सरासरी २८, आणि गोळाही दुप्पट मोठा.

आता गंमत बघा, फायटर १ विझार्ड ४ करणारे लोक या गोंधळात कधीच पडत नाहीत, कारण फायटर बेरजेत येत नाही, स्लॉट सेकंडपर्यंतच असतात आणि शीटवर थर्डचा रकानाच रिकामा असतो. क्लेरिक १ विझार्ड ४ला मात्र थर्डचे दोन स्लॉट समोर दिसतात. फायरबॉल दोघांनाही कॅरेक्टर लेव्हल ६लाच मिळणार. फरक एवढाच की एकाला ते शीट सांगते आणि दुसऱ्याला शीट फसवते. टोकाचं उदाहरण हवं असेल तर विझार्ड १० क्लेरिक १०. स्लॉट थेट विझार्ड २०एवढे, नाइन्थ लेव्हलचासुद्धा एक, आणि स्पेल दोन्हीकडचे फिफ्थपर्यंतच.

मग लोक म्हणतात, ठीक आहे, स्क्रोलवरून (स्पेल लिहिलेल्या गुंडाळीवरून) कॉपी करतो की. विझार्डच्या बाबतीत खरा खड्डा हाच. स्पेलबुकात कॉपी करायला दर स्पेल लेव्हलमागे २ तास आणि ५० गोल्ड लागतात हे सगळ्यांना पाठ असतं, पण तो स्पेल तुम्हाला विझार्ड म्हणून प्रिपेअर करता येईल अशा लेव्हलचाच लागतो ही अट विसरली जाते. आणि यात लोकांचा सगळा दोष नाही. प्लेयर्स हँडबुक या नियमांच्या पुस्तकाच्या सुरुवातीच्या छपाईत त्या जागी "ज्या लेव्हलचे स्लॉट तुमच्याकडे आहेत" अशा अर्थाचं वाक्य होतं, नंतर ते दुरुस्त केलं, पण जुनी पीडीएफ अजून हातोहात फिरतेच आहे. वर २०२३ला बाल्डर्स गेट ३ हा याच नियमांवरचा कॉम्प्युटर गेम आला, त्यात क्लेरिक ११ विझार्ड १ने सिक्स्थ लेव्हलपर्यंतच्या स्क्रोल खुशाल शिकता येतात, शिवाय मल्टिक्लाससाठी मुख्य स्कोअर किमान १३ असण्याची अटही नाही. तो गेम मला मनापासून आवडतो, पण तिथली सवय टेबलावर चालत नाही. टेबलावर विझार्ड १ म्हणजे फर्स्ट लेव्हलचेच स्पेल, बाकी तुम्ही कितीही मोठे असा.

माझ्या मते अर्धा गोंधळ "लेव्हल" या एका शब्दाचा आहे. कॅरेक्टरची लेव्हल, क्लासची लेव्हल, स्पेलची लेव्हल, तीन वेगळ्या गोष्टी, आणि लोक नुसतं "मी पाच लेव्हल आहे" म्हणतात. माझ्या टेबलावर मी ते चालू देत नाही, पूर्ण बोला, विझार्ड लेव्हल की कॅरेक्टर लेव्हल.

बाकीचं पटकन. प्रोफिशन्सी बोनस (येणाऱ्या कामाच्या फाशात मिळणारी भर) आणि कँट्रिप (स्लॉट न लागणारे छोटे स्पेल) दोन्ही कॅरेक्टर लेव्हलवर वाढतात, म्हणजे फायर बोल्ट त्या विझार्ड ३ क्लेरिक २चाही २डी१०च. दोन्ही क्लासचे मुख्य स्कोअर किमान १३ हवेत. वॉरलॉकचे स्लॉट बेरजेत येत नाहीत, वेगळे लिहा, पण त्यातून विझार्डचे स्पेल टाकता येतात. सेव्हिंग थ्रो (वाईट परिणाम टाळायचे फासे) फक्त पहिल्या क्लासचे मिळतात, त्यामुळे कॉन्सन्ट्रेशनसाठी (चालू स्पेल टिकवायला) कॉन्स्टिट्यूशन सेव्ह हवा असेल तर फायटरसारखा तो सेव्ह देणारा क्लास आधी घ्यावा लागतो, नंतर घेऊन उपयोग नाही.

आणि "एक लेव्हल डिप केली तर काय बिघडतं" हे वाक्य मला खरंच खटकतं (डिप म्हणजे दुसऱ्या क्लासची एखादीच लेव्हल घेणं). एक लेव्हल फायरबॉल उशिरा मिळतो, पुढे प्रत्येक मोठा स्पेल एक लेव्हल उशिरा, आणि विझार्ड ४ला मिळणारा स्कोअर वाढवायचा चान्सही पुढे ढकलला जातो. बहुतेक कॅम्पेन दहाव्या-बाराव्या लेव्हलच्या आत संपतात, त्यात एक लेव्हल म्हणजे कित्येक रविवार. मला कोणी विचारलं तर मी एकच डिप सांगतो: आधी आर्टिफिसर (जादूच्या वस्तू बनवणारा क्लास) १, मग शेवटपर्यंत विझार्ड. दोघांचं काम इंटेलिजन्सवरच चालतं, कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, मीडियम आर्मर आणि ढाल मिळते, आणि आर्टिफिसरची अर्धी लेव्हल वरच्या आकड्याला धरतात म्हणून स्लॉट अजिबात मागे पडत नाहीत. स्पेल एक लेव्हल मागे पडतात, तेवढं मान्य करून घ्यायचं. क्लेरिक घ्यायचाच असेल तर विझार्ड ५ होईपर्यंत थांबा.

ऐरोलीवाल्याला मी दोन्ही पर्याय दिले, सरळ विझार्ड ५ करून घे किंवा आहे तेच ठेव. त्याला बॅकस्टोरीतलं देऊळ सोडायचं नव्हतं, त्याने क्लेरिक ठेवला. मग आम्ही त्याच्या शीटवर प्रत्येक स्पेलपुढे पेन्सिलने वि किंवा क्ले लिहिलं आणि स्लॉट वेगळ्या कागदावर काढले. त्याच लढाईत त्याने थर्डच्या स्लॉटमधून गायडिंग बोल्ट मारला आणि ६डी६वर २७ आले.