एग-मॉर्तची तटबंदी (चित्र)

एग-मॉर्तची तटबंदी : फ्रेंच चित्रकार फ्रेदेरिक बाझीय (१८४१–१८७०) याने १८६७ मध्ये रंगवलेले तैलचित्र. सुमारे ६० × १०० सेंमी. आकाराचे हे आडवे निसर्गचित्र वॉशिंग्टन येथील नॅशनल गॅलरी ऑफ आर्टच्या संग्रहात असून, दृक्प्रत्ययवादाच्या (इंप्रेशनिझम; क्षणिक प्रकाश व रंग यांचा दृश्य अनुभव टिपणारा चित्रसंप्रदाय) घडणीच्या काळातील महत्त्वाच्या कृतींत त्याची गणना करावी लागते.

एग-मॉर्त हे दक्षिण फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या त्रिभुज प्रदेशालगत, खाजणे आणि मिठागरे यांच्यामध्ये वसलेले गाव आहे. त्याच्या नावाचा अर्थ ‘मृत पाणी’, म्हणजे साचलेले, वाहते नसलेले पाणी. भूमध्य समुद्रावर राजसत्तेचे स्वतःचे बंदर असावे म्हणून फ्रान्सचा राजा नववा लूई याने ते उभारले आणि १२४८ व १२७० या दोन्ही वर्षी तो येथूनच धर्मयुद्धावर निघाला. बुरूज आणि वेशी असलेल्या, सुमारे १.६ किमी. लांबीच्या तटाचे काम १२७२ मध्ये त्याचा मुलगा तिसरा फिलिप याच्या कारकिर्दीत सुरू झाले. पुढे गाळाने बंदर निकामी झाले, गावाची भरभराट थांबली. तट मात्र जवळजवळ अखंड राहिला.

बाझीय जवळच्याच माँपेल्ये शहरचा. मे १८६७ मध्ये तो येथे चित्रे काढण्यासाठी आला. सूर्यास्ताच्या वेळी तळ्यात प्रतिबिंबित झालेली गावाची तटबंदी मोठ्या कॅनव्हासवर रंगवण्याचा बेत त्याने पत्रातून घरी कळवला होता. प्रस्तुत चित्रात पश्चिमेकडील तट दिसतो. त्याची लांबलचक, सखल रेघ आकाश आणि पाणी यांना विभागते, आणि चित्राची खरी ताकद या मांडणीतच आहे : वेढ्याला तोंड देण्यासाठी रचलेला घट्ट दगड येथे मावळतीचे ऊन झेलणारा पृष्ठभाग होतो. मात्र त्याचा मित्र व दृक्प्रत्ययवादी चित्रकार क्लोद मोने याच्याप्रमाणे बाझीयने आकार तुटक फटकाऱ्यांत विरघळवले नाहीत. त्याच्या कडा रेखीव आणि रंगाचे थर सपाट राहतात.

याच मुक्कामातील आणखी दोन चित्रे उपलब्ध आहेत. ‘राणीची वेस’ न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात, तर तिसरे माँपेल्येच्या फाब्र संग्रहालयात आहे.

त्याच वर्षी पॅरिसच्या सालाँने (अधिकृत वार्षिक कलाप्रदर्शनाने) बाझीय आणि त्याच्या मित्रांची चित्रे नाकारली होती. स्वतंत्र प्रदर्शन भरवण्याची कल्पना तेव्हाच त्यांच्यात निघाली, पण पैशांअभावी मागे पडली. ती १८७४ मध्ये साकारली, तेव्हा बाझीय हयात नव्हता; फ्रान्स-प्रशिया युद्धात २८ नोव्हेंबर १८७० रोजी, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, बोन-ला-रोलांद येथे तो मारला गेला होता.