लेथवरून रस्त्यावर: सातारा-सांगलीत जुन्या वेगवान गाड्यांचा शौक कसा रुजला

साताऱ्यात पोवई नाक्यावर किंवा सांगली-मिरज रस्त्याला वीसेक वर्षांपूर्वीची एखादी होंडा सिटी व्हीटेक, फियाट पालिओ १.६ नाहीतर मारुती झेन चकाचक अवस्थेत दिसली, की बघणाऱ्याचा अंदाज ठरलेला: घरचा ऊस असणार. उसाचा, द्राक्षाचा, बेदाण्याचा पैसा या शौकामागे आहेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण पैशानं नवी गाडी येते. जुनी गाडी पळती ठेवायला, आणि कंपनीनं दिली त्याहून जरा जोरात पळवायला, दोन वेगळ्या गोष्टी लागतात. एक, हाताचा पक्का टर्नर, म्हणजे लेथवर लोखंड कातणारा कारागीर. दुसरी, कुणालाच नको असलेली आणि म्हणून स्वस्त झालेली चांगली गाडी. आपल्याकडे या दोन्ही कशा जमून आल्या, त्याची ही पार्श्वभूमी.

टर्नरची गोष्ट मोटारीच्याही आधीची आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि तिथून नांगर, पुढे पंप बाहेर पडू लागले. साताऱ्यात धनजीशा कूपर यांचा कारखाना १९२२ चा. त्यातून ओतकाम, लेथ आणि इंजिन हे शब्द इथल्या घराघरांत गेले. विहिरीवर आणि नदीकाठी डिझेल इंजिनं आली, तसा क्रँक ग्राइंडिंग, बोअरिंग, बुश बसवणं हा तालुक्याच्या गावातला रोजचा धंदा झाला. १९७५ नंतर बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांच्या भागीदारीतली महाराष्ट्र स्कूटर्स साताऱ्यात ‘प्रिया’ बनवू लागली. भोवती सुटे भाग करणारी छोटी वर्कशॉप उभी राहिली. तिथं शिकलेली पोरं नंतर कुठं गेली? बरीचशी गॅरेजात.

सांगलीचा मोटारीशी एक धागा नावाचाही आहे. विश्रामबागेतलं अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ मध्ये सुरू झालं आणि १९५५ पासून ते वालचंदांच्या नावानं ओळखलं जातं. याच वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली होती, जिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट निघाली.

परमिट-लायसन्सच्या काळात गाडीत ‘बदल’ करणं म्हणजे वेग वाढवणं नव्हतंच. फियाट असो की अ‍ॅम्बॅसेडर, नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं आणि मिळालेली गाडी मुलाच्या लग्नापर्यंत वापरायची. पेट्रोल परवडत नव्हतं, म्हणून जीपमधलं पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल चढवायचं. त्यासाठी माउंटिंग नव्यानं वेल्ड करायचे, गिअरबॉक्सशी जुळवायला मधली अडॉप्टर प्लेट लेथवर काढायची, रेडिएटर मोठा घालायचा. हे सगळं इथल्या मिस्त्र्यांनी पैसे वाचवण्यासाठी शिकून घेतलं. पण एका गाडीचं इंजिन दुसऱ्या गाडीत बसवायला जे डोकं आणि जो हात लागतो, तो तोच. पुढच्या पिढीनं त्याचा हेतू तेवढा बदलला.

वेगाची पहिली चव मारुती ८०० नं दिली, असं म्हटलं तर आजच्या पोरांना हसू येईल. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या या गाडीचं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. पण हलक्या अंगामुळे ती घाटात फियाटला सहज मागे टाकायची. पसरणीच्या घाटात ज्यांनी हे अनुभवलं, त्यांना ‘वजन कमी तर गाडी जोरात’ हा धडा वेगळा शिकवावा लागला नाही. १९८५ मध्ये जिप्सी आली आणि कंत्राटदार, कारखान्याचे संचालक यांच्या दारात दिसू लागली. तिचा तोरा निराळाच. कॉन्टेसाचाही होता, विशेषतः इसुझूचं १८०० सीसी इंजिन बसल्यावर. पण ती मागच्या सीटवर बसणाऱ्यांची गाडी.

८०० वर जे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त केलं गेलं, ते हेड फेसिंग, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचा (हेडचा) तळ घासून घेणं. ते कसं चालतं हे जरा जवळून पाहण्यासारखं आहे, कारण पुढची सगळी कामं त्याच हिशेबावर उभी आहेत. ८०० चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८.५ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७२. म्हणजे एका सिलिंडरचं आकारमान साधारण २६५ सीसी. कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन खाली असतानाची एकूण जागा वर असतानाच्या जागेच्या किती पट, ते ८.७ धरलं, तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा ३४-३५ सीसी. हेडचा तळ अर्धा मिलिमीटर घासला, की त्यातले साधारण पावणेदोन सीसी जातात आणि कॉम्प्रेशन ९.१ च्या आसपास पोचतं. गाडी हाताला हलकी लागते. पण हेड खाली सरकल्यानं क्रँक आणि कॅममधलं अंतर कमी होतं, टायमिंग बेल्ट तेवढा सैल पडतो आणि ताणून बसवला की कॅमचं टायमिंग (व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ) किंचित मागे जातं. शिवाय त्या काळच्या पेट्रोलवर कॉम्प्रेशन जास्त झालं, की चढाला इंजिन खडखडायचं. चांगला मिस्त्री म्हणूनच एकदम मोठा कट घ्यायचा नाही. थोडं घासायचं, चालवून बघायचं, कार्ब्युरेटरच्या जेटचं, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या भोकाचं, माप बदलायचं, प्लगचा रंग बघायचा. ज्यांना घाई होती, त्यांची इंजिनं पिस्टनला भोक पडून परत आली.

हे ज्ञान नुसतं इथंच तयार झालं नाही. कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी १९८८ च्या सुमारास ८०० चंच इंजिन लावून फॉर्म्युला मारुती ही एकासनी रेसिंग गाडी तयार केली, आणि ‘घरच्या’ इंजिनातून किती काढता येतं हे देशाला दिसलं. आता सांगली जिल्ह्याचं कोइमतुराशी काय नातं? तर गलाईचं. विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. तमिळनाडूत आहेत, केरळात आहेत. दिवाळीला, यात्रेला गावी येणाऱ्या पाहुण्याच्या डिकीत तिकडचा कार्ब्युरेटर किंवा एक्झॉस्टचे हेडर्स (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या खास नळ्या) असणं ही आमच्या भागात नवलाची गोष्ट नव्हती. कुरिअरनं घरपोच भाग यायला लागले त्याच्या कितीतरी आधी हे चालायचं.

१९९३ मध्ये मोटार उद्योगावरचा परवाना उठला. त्याच वर्षी झेन आली, ९९३ सीसी आणि संपूर्ण अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन घेऊन. पाठोपाठ १९९४ मध्ये १.३ ची एस्टीम. दोन्ही इंजिनं एकाच घराण्यातली, त्यामुळे एस्टीमचं इंजिन झेनमध्ये बसतं हे मिस्त्र्यांना कळायला वेळ लागला नाही. या शौकातली सर्वांत आवडती अदलाबदल हीच. मग १९९८ ची होंडा सिटी आणि पुढे तिची १०६ अश्वशक्तीची १.५ व्हीटेक, १९९९ ची फोर्ड आयकॉन, ‘जोश मशीन’ म्हणून जाहिरात झालेली, आणि २००१ मध्ये पालिओ १.६, शंभर अश्वशक्तीची. माझ्या मते या सगळ्यांत रस्त्याला सर्वांत घट्ट बसणारी पालिओ, आणि सर्वांत जास्त पेट्रोल पिणारीही तीच. व्हीटेकचं तसं नाही. खाली शांत, सुई वर गेली की मग इंजिन बोलायला लागतं.

याच सुमारास पुणे-बंगळूर रस्ता चौपदरी झाला. सातारा, कराड, कोल्हापूर एका पट्ट्यात आले. सांगलीकरांना मात्र महामार्ग सोडून पेठनाक्यापासून घरापर्यंतच्या खड्ड्यांत गाडीचे बुश वाजवतच यावं लागायचं. म्हणून साताऱ्यात गाडी खाली बसवलेली दिसायची आणि सांगलीत तोच माणूस स्प्रिंगला हात लावायचा नाही. सस्पेन्शनचं शास्त्र वगैरे नंतर, आधी सार्वजनिक बांधकाम खातं.

पण या गाड्या नव्या असताना आमच्या भागातल्या पोरांच्या हातात आल्याच नव्हत्या. त्या आल्या डिझेलमुळे. इंडिका १९९८ ची, डिझेल स्विफ्ट २००७ ची. जून २०१० मध्ये पेट्रोलचे भाव सरकारी नियंत्रणातून सुटले आणि डिझेलचे सुटायला ऑक्टोबर २०१४ उजाडलं. मधल्या चार वर्षांत दोन्ही इंधनांतली दरी अशी रुंदावली, की लिटरला नऊ-दहा किलोमीटर देणारी पेट्रोल गाडी दारात ठेवणं म्हणजे खुळचटपणा ठरला. बापानं पालिओ काढून टाकली, डिझेल घेतली. ती पालिओ एका चांगल्या मोटारसायकलच्या भावात दुसऱ्याच्या पोरानं उचलली. आज जपल्या जाणाऱ्या कितीतरी गाड्यांचा जन्म असा दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या मालकाच्या हाती झाला आहे. पुढे दिल्लीत डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा आली. हरित लवादाचा आदेश आणि मग २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब. तेव्हा तिकडच्या सुस्थितीतल्या स्कोडा ऑक्टाव्हिया एनओसी काढून इकडे उतरू लागल्या. दिल्ली (डीएल) पासिंगच्या गाडीत हवापाण्याचा गंज कमी, पण मीटर फिरवलेला असण्याची भीती जास्त.

कार्ब्युरेटर जाऊन इंधनाचं इंजेक्शन आलं तसं मिस्त्र्याचं काम दोन भागांत फुटलं. लोखंडाचं काम इथं, संगणकाचं पुण्यात. टर्बोच्या गाडीत लॅपटॉप लावून रिमॅप केला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचा प्रोग्रॅम बदलला, की टर्बोचा दाब आणि इंधन वाढवून दणदणीत फरक पडतो. टर्बो नसलेल्या जुन्या गाडीत तेवढ्यानं फारसं होत नाही. तिथं अजूनही हेड, कॅम, एक्झॉस्ट. निदान त्यातला गोंगाट सगळ्यात आधी येतो, म्हणून हौशी पोरं फ्री-फ्लो सायलेन्सर लावून मोकळी होतात. मिरजेचे एक जुने फिटर त्यांना सांगतात, “आवाज वाढला म्हणजे गाडी पळाली असं नसतंय, दादा.”

पुराचा उल्लेख केल्याशिवाय सांगलीतल्या जुन्या गाड्यांची हकीकत पुरी होत नाही. २००५ आणि २०१९ ला कृष्णेचं पाणी शहरात शिरलं. २०१९ ला तर आयर्विन पुलाजवळ ते ५७ फुटांवर गेलं. कार्ब्युरेटरची गाडी बुडाली तर तेलं बदलून, टाकी उतरवून, पॉइंट सुकवून पुन्हा उभी करता यायची. इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू (इंजिनाचा संगणक) आणि सगळं वायरिंग जातं, आणि गेलं नाही तर वर्षभरानं कनेक्टरमधला हिरवा गंज त्रास देतो. विम्यात ‘टोटल लॉस’ झालेल्या गाड्यांची इंजिनं आणि गिअरबॉक्स मग कटिंगच्या, म्हणजे मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग विकणाऱ्या, बाजारात आले आणि कित्येक झेनना त्यातून नवा जन्म मिळाला. जुनी गाडी घेताना सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्यावर गाळाची रेघ शोधायची सवय इथल्या माणसाला उगाच लागलेली नाही.

कायदा या सगळ्याच्या मागून चालत आला. मोटार वाहन कायदा १९८८ चा, आणि त्यातलं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दलचं. बरीच वर्षं त्याकडे कुणी फार पाहिलं नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाहीत. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी आणि आरसीत नोंद हवी. ती नसलेली गाडी अपघातात सापडली, तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. पंधरा वर्षांनंतरच्या रीपासिंगची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५००० रुपयांवर गेली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी १०,००० झाली. पर्यावरण कर वेगळा. पन्नास वर्षांवरच्या, बदल न केलेल्या गाड्यांना २०२१ पासून व्हिंटेज म्हणून स्वतंत्र नोंदणी आहे. १९९९ ची आयकॉन त्यात बसायला २०४९ उजाडेल, आणि बदल केलेली तर तेव्हाही बसणार नाही. त्यामुळे जाणते मालक हल्ली मूळ एअर बॉक्स, मूळ सायलेन्सर माळ्यावर जपून ठेवतात आणि रीपासिंगच्या आधी पुन्हा चढवतात. हे योग्य की अयोग्य यावर गॅरेजात वाद होतात, पण करतात सगळेच.

सध्याची काळजी मात्र आरटीओची नाही, पंपावरची आहे. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आता सगळीकडे आहे आणि त्यातलं बरंच इथेनॉल आपल्याच भागातल्या कारखान्यांच्या आसवनीतून जातं. उसाचं बिल घेणारा आणि झेनची फुगलेली पेट्रोल नळी बदलणारा माणूस पुष्कळदा एकच असतो. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा, म्हणून अ‍ॅव्हरेज पडतं. शुद्ध पेट्रोलला वजनानं १४.७ पट हवा लागते, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. ऑक्सिजन सेन्सर असलेली पालिओ ते आपोआप सावरून घेते. कार्ब्युरेटरच्या गाडीला कुणी सांगत नाही, ती उपाशी चालते, तापते, सकाळी उठायला कुरकुरते. तिला जेट एक माप मोठा लागतो. नळ्या, ओ-रिंग, पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घालावे लागतात. दुसरीकडे या पेट्रोलचा ऑक्टेन, म्हणजे खडखडल्याशिवाय दाब सोसण्याची ताकद, ९५ आहे, एकेकाळी हेड घासताना ज्याची वानवा होती तो. ठिणगीचं टायमिंग दोन-तीन अंश पुढे घेतलं तरी इंजिन खडखडत नाही, आणि गमावलेलं थोडं परत मिळतं. मिरजेतल्या त्या फिटरांनी आता कामाचा क्रमच ठरवून टाकलाय: आधी नळ्या, मग जेट, शेवटी टायमिंग. आणि पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल, तर टाकी गळ्यापर्यंत भरून आणि कार्ब्युरेटरचा बाऊल रिकामा करूनच ती झाकायची, कारण हे पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं.