ओसरीवरची अर्धगोल रेघ

आमच्या घरच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात एक व्हिडिओ फिरत होता. कमरेला पट्टे, पायांना लोखंडी सांगाडा, खाली सरकता पट्टा. लकवा झालेले एक गृहस्थ त्यात अडकवलेले आणि यंत्र त्यांचे पाय उचलून उचलून टाकतंय. खाली भाच्याचा मजकूर: 'मामांना हितं न्या, पंधरा दिवसांत पळतील.'

मामा जिंतूर तालुक्यात राहतात. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. वारं कसलं, मेंदूच्या उजव्या भागातली एक रक्तवाहिनी गुठळीनं बंद झाली. आता ते काठी घेऊन चालतात, पण डावा पाय गुडघ्यात वाकत नाही, बाहेरून फिरवून आणावा लागतो. मामी ओसरी सारवते त्या दिवशी हे लख्ख दिसतं. ओल्या सारवणावर डाव्या अंगठ्यानं ओढलेल्या विळ्यासारख्या रेघा, एकीमागे एक. त्यांच्या डाव्या चपलेचं टोक पार झिजलंय, उजवी अजून नवी दिसते.

'पायात ताकद नाही, म्हणून घासतो,' असं सगळेच म्हणतात. हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं मला इतकं आवडतं की त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

आधी शाळेतली उजळणी. प्रमस्तिष्कातून, म्हणजे मोठ्या मेंदूतून, स्नायूंना हुकूम नेणारे बहुतेक चेतातंतू मेंदूच्या तळाच्या टोकाला, मस्तिष्कपुच्छाशी, बाजू बदलतात, म्हणून उजवीकडे बिघाड झाला की डावं अंग लुळं पडतं. हाताचा आणि तोंडाचा नकाशा मेंदूच्या बाहेरच्या अंगाला आहे, तर पायाचा दोन अर्धगोलांच्या मधल्या फटीत आत दुमडलेला. दोन्ही भागांना रक्त पुरवणाऱ्या धमन्या वेगळ्या. सगळ्यात जास्त वेळा बंद पडते ती बाहेरच्या अंगाची, त्यामुळे पुष्कळ रुग्णांचा हात पडूनच राहतो आणि पाय मात्र बऱ्यापैकी परत येतो. मामांचंही तसंच झालं.

पण पाय परत येण्याचं हे एकच कारण नाही. चालण्याचं सगळं काम मेंदू करतच नाही. खेड्यात वाढलेल्या माणसाला याचा पुरावा द्यावा लागत नाही. मुंडी कापलेली कोंबडी अंगणात पळताना आपण पाहिलेली असते. मुंडीच नाही, तर पाय आळीपाळीनं टाकायला सांगतं कोण? सांगतो मेरुरज्जू, पाठीच्या कण्यातून जाणारा चेतातंतूंचा दोर. 1911 साली टॉमस ग्रॅहॅम ब्राऊन या स्कॉटिश शास्त्रज्ञानं भूल दिलेल्या मांजरांचा मेरुरज्जू मेंदूपासून तोडला, पायांकडून वर येणाऱ्या संवेदनांच्या नसाही कापल्या, तरी पायाच्या स्नायूंत चालीचा ठेका उमटला. पाय उचलणारे स्नायू, मग रेटणारे, पुन्हा उचलणारे. (हे गृहस्थ पट्टीचे गिर्यारोहकही होते. आल्प्समधल्या मों ब्लां शिखराच्या एका अवघड अंगावर त्यांनी नव्या वाटा काढल्या.) त्यांच्या या शोधाकडे पुढची पन्नासेक वर्षं फारसं कुणी पाहिलं नाही.

हा ठेका कसा धरला जातो ते समजायला उखळ आठवा. दोघी जणी एकाच उखळात कांडताना एकीचं मुसळ खाली तेव्हा दुसरीचं वर. एक कांडत असताना दुसरीला थांबावंच लागतं, नाहीतर मुसळं एकमेकांवर आदळतील. मेरुरज्जूत चेतापेशींचे असेच दोन गट आहेत. उचलणारा गट चेतला की रेटणाऱ्याला गप्प करतो, तो दमला की रेटणारा उसळतो आणि उचलणाऱ्याला गप्प करतो.

खरी गंमत पुढे आहे. पाळी बदलायची वेळ झाली हे कळतं कशावरून? दमण्यावर सोडलं तर खडकाळ वाटेवर आपण दर चार पावलांना पडलो असतो. वेळ कळवतो पाय स्वतःच. चालताना पाय जमिनीवर टेकलेला असतो आणि शरीर त्याच्यावरून पुढे सरकतं, म्हणजे पाय मागे मागे जातो. मांडी कमरेच्या मागे गेली की जांघेतले पाय उचलणारे स्नायू ताणले जातात. त्याच सुमाराला भार दुसऱ्या पायावर जातो आणि हा पाय हलका होतो. 'जांघ ताणली, भार उतरला' हे दोन निरोप मिळाले की मेरुरज्जू पाय उचलून पुढे फेकतो. 1978 साली ग्रिलनर आणि रॉसिन्यॉल यांनी मेरुरज्जू तोडलेली मांजरं सरकत्या पट्ट्यावर चालवली आणि एका पायाची मांडी मागे जाऊच दिली नाही. तो पाय जागीच राहिला, दुसरा मागचा पाय चालत होता. मांडी मागे जाऊ दिली तसा तो उचलला. पुढे माणसाच्या तान्ह्या बाळांना पट्ट्यावर धरूनही असंच दिसलं.

आता मामांकडे पाहा. डाव्या पायावर भार द्यायची भीती वाटते, म्हणून उजवा पाय ते झटकन टेकवतात, आणि तोही डाव्याच्या पुढे नाही, बरोबरीला. परिणाम काय? डावी मांडी कधी कमरेच्या मागे जातच नाही. जांघ ताणत नाही, भार पुरता उतरत नाही, मेरुरज्जूला निरोपच पोचत नाही. मग राहिलेल्या हुकमावर मामा कंबर वर उचलतात आणि अख्खा पाय फाटकासारखा फिरवतात. तीच ती रेघ. गुडघ्याचा कडकपणा आणि खाली लोंबणारा पंजा हीदेखील कारणं आहेतच, पंज्याला पट्टा लागतो तो त्यासाठी. पण चांगल्या पायाचं आखूड पाऊल ही गोष्ट घरात कुणाच्या लक्षात येत नाही, कारण सगळ्यांचे डोळे लुळ्या पायावर.

माणसात मेरुरज्जू एकटा चालवू शकत नाही, मेंदूची चिथावणी लागतेच. मेंदूपासून मेरुरज्जूच तुटलेला माणूस कोंबडीसारखा उठून पळत नाही. पण लकव्यात मेरुरज्जू शाबूत असतो आणि वरून येणाऱ्या वाटाही सगळ्या बुजत नाहीत. मस्तिष्कस्तंभातून, म्हणजे मेंदू आणि मेरुरज्जू जोडणाऱ्या देठातून, निघणाऱ्या जुन्या वाटा दोन्ही बाजूंना जातात आणि धड, कंबर, मांड्या सांभाळतात. त्या बोटांच्या नाजूक कामाला निरुपयोगी, उभं राहायला भक्कम. म्हणूनच पहिल्या तीन दिवसांत रुग्ण आधाराशिवाय 30 सेकंद बसू शकतो का आणि लुळ्या पायात थोडी तरी हालचाल दिसते का, यावरून पुढचं पुष्कळ कळतं. नेदरलँड्समधल्या एका पाहणीत ही दोन्ही जमलेल्यांपैकी जवळजवळ सगळे, 98 टक्के, सहा महिन्यांत स्वतः चालू लागले.

अनुमस्तिष्काची, म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूच्या लहान मेंदूचीही एक करामत सांगतो. दोन पायांखाली दोन वेगळ्या वेगाचे पट्टे ठेवले, तर दहा-पंधरा मिनिटांत अनुमस्तिष्क पावलांचं माप नव्यानं बसवतं. लकव्याच्या रुग्णाचं आखूड-लांब पावलांचं व्यंग पट्ट्यांनी मुद्दाम वाढवलं, की तो त्याची भरपाई करतो आणि पट्टे सारखे केल्यावर काही वेळ बरोबरीची पावलं टाकतो. म्हणजे जमतं, नुसतं टिकत नाही.

आता ते यंत्र. अमेरिकेत 408 रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निकाल 2011 साली आले. काहींना वरून तोलून धरून सरकत्या पट्ट्यावर चालवलं, काहींना फिजिओनं घरी येऊन ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम दिले. वर्षानं पाहिलं तर चालण्याची पायरी सुधारलेले 52 टक्के, आणि दोन्हींत फरक नाही. सहा महिन्यांनी पट्ट्यावर सुरुवात केलेलेही सुधारले, तेव्हा 'तीन महिन्यांनंतर काही होत नाही' असं जे सांगतात तेही खोटं. जे अजून उभेच राहू शकत नाहीत त्यांना सुरुवातीच्या महिन्यांत व्हिडिओतल्यासारख्या रोबोटचा उपयोग होतो. चालत्या माणसाचे पाय यंत्रच उचलायला लागलं, तर तो आपला उचलायचं सोडतो.

लकव्यावर कबुतराचं रक्त चोळणारे आणि सात वाऱ्या करायला लावणारे यांचीही गोष्ट इथंच येते. कोपनहेगनमध्ये 800 हून अधिक रुग्णांवर लक्ष ठेवलं तेव्हा 95 टक्के लोकांच्या चालण्यातली बहुतेक सुधारणा पहिल्या 11 आठवड्यांत होऊन गेली होती. त्या दिवसांत तुम्ही रक्त चोळा नाहीतर गोमूत्र, श्रेय चोळणाऱ्यालाच मिळणार. माझा राग वेगळ्याच कारणासाठी आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत द्यावं लागतं, आणि ते तास अशा माणसाच्या दारात जातात. आमच्याकडेही गेले. शिवाय उलटी घाईही नको. पहिल्याच दिवशी जास्तीत जास्त चालवण्याचा प्रयोग 2,104 रुग्णांवर झाला, त्यात निकाल वाईट आला.

फिजिओ बाईंनी मामांना यंत्र दाखवलं नाही. ओसरीवर गेरूनं आडव्या रेघा मारल्या, वीतभर अंतरावर, आणि म्हणाल्या, 'उजवा पाय रेघेच्या पलीकडं.' डाव्याबद्दल अवाक्षर नाही. मामांना पटेना. 'दुखणं ह्या पायाला अन् कसरत त्या पायाला? असं कुठं व्हायलंय व्हय?' मामी मागून लुगड्याचा पदर खोचून, त्यांच्या कमरेचा पट्टा धरून उभी. पहिले चार दिवस उजवा पाय रेघेवरच अडकायचा. मग एकदा पलीकडे पडला, मामा क्षणभर डाव्या पायावर पूर्ण उभे राहिले, घाबरले, आणि मागे राहिलेला डावा पाय गुडघ्यात जरासा मोडून आपोआप पुढे आला.

'म्या नाही उचलला,' मामा म्हणाले.

गेल्या रविवारी गेलो तेव्हा ओसरी ताजी सारवलेली होती. रेघ अजून उमटते. चारांतल्या एखाद्या पावलाला नसते, तिथं नुसता पंज्याचा ठसा असतो. मामी तो मोजते.