वीजगळती कमी झाली, म्हणून दाब सुधारला?

फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून निघून वीज वाटत जाणाऱ्या तारेवर, सौर प्रकल्प कुठे बसवायचा, असं विचारलं की दोन वेगळी उत्तरं येतात. एक गळतीचं, दुसरं दाबाचं (म्हणजे व्होल्टेजचं). (गळती म्हणजे इथे तारा तापून वाया जाणारी वीज; आकडे टाकणाऱ्यांचा हिशेब वेगळा.)

बरान आणि वू या संशोधकांच्या 1989 च्या लेखामुळे अभ्यासासाठी रूढ झालेलं 33 बसांचं नमुना जाळं घेऊ (बस म्हणजे तारा जिथे जोडल्या जातात आणि भार जिथे लागतो तो बिंदू). 12.66 केव्ही, भार सुमारे 3.7 मेगावॅट. काहीच न बसवता तारांत 200 किलोवॅटच्या आसपास जातात आणि सगळ्यात लांबच्या 18 व्या बसवर दाब ठरलेल्या दाबाच्या 90-91 टक्क्यांवर येतो.

एकच प्रकल्प बसवायचा तर गळतीचं गणित 6 व्या बसकडे बोट दाखवतं, क्षमता अडीच मेगावॅटच्या जरा वर. तिथून दोन मोठ्या फांद्या फुटतात. गळती प्रवाहाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे उपकेंद्रापासून 6 पर्यंतची भरलेली तार हलकी केली की एकूण गळती जवळपास निम्म्यावर येते. पण 6 ते 18 ही तार पूर्वीइतकीच भरलेली राहते, म्हणून टोकाचा दाब सुधारला तरी 94-95 टक्क्यांपर्यंतच.

मग तेवढाच प्रकल्प 18 वर नेला तर? त्या फांदीचा भार जेमतेम मेगावॅटभर. उरलेली वीज उलटी वाहते, भरदुपारी दाब मर्यादेबाहेर चढतो आणि गळतीही वाढते.

आता विजेवरच्या गाड्या. 18 वर मूळ भार 90 किलोवॅट; तिथे 60 किलोवॅटचे दोन फास्ट चार्जर लागले की तो दुपटीच्या पुढे जातो. गाड्या लागतात संध्याकाळी, सूर्य मावळल्यावर. वर्षभराच्या गळतीचा आकडा दुपारच्या जोरावर छान दिसेल, पण रात्री आठला शेवटच्या रोहित्रावरचे दिवे मंदच. म्हणून एकाच क्षणाचा भार धरून जागा सुचवणाऱ्या अभ्यासांवर माझा फारसा भरवसा नाही.

महाराष्ट्रात सौर कृषी वाहिनी योजनेने शेतीपंपांचा भार दिवसाकडे वळवण्याचा मार्ग धरला. ऑफिसच्या पार्किंगमधल्या गाड्यांना ते जमेल, रात्री घराखाली लागणाऱ्या स्कूटरला नाही. तेव्हा पॅनल 6 जवळच ठेवावेत. 18 वर बॅटरी बसवावी, किंवा दाब घसरला की आपोआप वेग कमी करणारे चार्जर.